किराण्याची यादी बदलताना: आरोग्य आणि पर्यावरण जपणारा घरखर्च कसा बसवावा

ज्या घरात महिन्याचा किराणा ठरावीक पैशांत बसवावा लागतो, तिथे ‘सेंद्रिय’ हा शब्द बहुधा ‘महाग’ या अर्थानेच ऐकला जातो. दुकानातल्या वेगळ्या फळीवर मांडलेली तूरडाळ सुट्या डाळीच्या दीडपट किंवा दुप्पट भावाने विकली जाते, भांड्यांच्या ‘हरित’ साबणाची बाटली साध्या साबणवडीच्या कितीतरी पट पडते, आणि मग आरोग्य व पर्यावरण यांची काळजी ही हाती जास्तीचे पैसे असलेल्यांनी घ्यावी, असे आपण ठरवून टाकतो. चार माणसांच्या घराचा हिशेब बरीच वर्षे ठेवल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. बहुतेक जण सुरुवात सर्वांत महाग वस्तूपासून करतात आणि दोन महिन्यांत थकतात. अडचण पैशांपेक्षा क्रमाची अधिक असते. आधी काय कमी करायचे, वाचलेला पैसा कोणत्या जिनसेकडे वळवायचा आणि प्रमाणपत्राच्या नावाने जास्तीचे पैसे कधी द्यायचे, हा क्रम नीट लागला की एकूण खर्च फारसा न वाढता घरात येणारा माल बदलतो. तोच क्रम पुढे दिला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातील शहरी घराची आणि चार प्रौढ माणसांच्या हिशेबाची आहेत, म्हणून आपल्या घरातील माणसांप्रमाणे आकडे बदलून घ्यावेत.

पायरी पहिली: एक महिना फक्त लिहावे

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नये. किराण्याची बिले, भाजीवाल्याला दिलेले सुटे पैसे, मोबाईलवरून केलेली खरेदी आणि बाहेरून मागवलेले जेवण हे सर्व एका वहीत पाच रकान्यांत लिहावे: (१) धान्य व डाळी; (२) तेल, तूप, साखर, गूळ व मसाले; (३) दूध, भाज्या, फळे, अंडी व मांस-मासे; (४) पाकिटबंद आणि बाहेरचे खाणे; (५) साबण, सफाई आणि इतर वस्तू. बिस्किटे, फरसाण, शीतपेये, सॉस, झटपट नूडल्स आणि बाटलीतले रस हे चौथ्या रकान्यातच लिहावेत, कारण किराण्याच्या बिलात ते धान्याबरोबर आले की डोळ्यांआड होतात.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर होतो, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा पेये व प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा असतो. तो एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास आहे, तर भाजीपाल्याचा वाटा जेमतेम ४ टक्के आहे. ही देशाची सरासरी आहे, पण बहुतेक शहरी घरांच्या वहीतही चौथा रकाना अपेक्षेपेक्षा जड निघतो. चांगल्या मालासाठी लागणारा पैसा याच रकान्यात असतो.

त्याच वहीच्या मागच्या पानावर फेकलेल्या अन्नाची नोंद करावी: पिवळी पडलेली मेथी, आंबलेली आमटी, भुंगे लागलेला रवा. रुपये लिहिण्याची गरज नाही, वस्तू आणि अंदाजे वजन पुरे. वाया गेलेल्या जुडीमागे पाणी, खत, डिझेल आणि शेतकऱ्याचे श्रम खर्च झालेले असतात. ती कचऱ्यात जाणार असेल, तर ती सेंद्रिय होती की नव्हती याने काही फरक पडत नाही.

पायरी दुसरी: किती लागते, हे आधी ठरवावे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत २००० किलोकॅलरींच्या दिवसाच्या ताटासाठी धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सुचवलेले आहे. कष्टाचे काम करणाऱ्याला अधिक लागते आणि आजारपणात डॉक्टरांचाच सल्ला महत्त्वाचा असतो, परंतु खरेदीचा अंदाज बांधण्यासाठी हे आकडे फार उपयोगी पडतात.

चार माणसे आणि तीस दिवस असा गुणाकार केला की धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, भाज्या ४८ किलो, फळे १२ किलो आणि तेल, तूप व लोणी मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, एवढे होते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या रोजच्या ५ ग्रॅम मीठाच्या मर्यादेने चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरावे, आणि त्यात लोणची-पापडांतले मीठही आले. साखर व गूळ मिळून माणशी रोज २५ ग्रॅमची मर्यादा धरली, तर महिन्याला ३ किलो होतात.

आता आपली वही शेजारी ठेवावी. तेल पाच-सहा लिटर आणि साखर चार-पाच किलो येते, डाळी मात्र पाच-सहा किलोंवर थांबतात आणि भाज्या तीस किलोंच्या पुढे जात नाहीत, असे चित्र अनेक घरांत दिसेल. म्हणून पहिली सुधारणा कोणतीही नवी वस्तू न आणता होते. तेल दीड लिटरने, साखर एक-दोन किलोंनी आणि पाकिटबंद खाणे निम्म्याने कमी करावे, आणि सुटलेले पैसे डाळी, भाज्या व शेंगदाण्यांकडे वळवावेत. फोडणीचे तेल कॅनमधून थेट कढईत ओतण्याऐवजी पळीने मोजून घातले आणि महिन्याचे तेल महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळ्या बरणीत काढून ठेवले, तर ही कपात कोणाला जाणवतही नाही. हे जमल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पायरी तिसरी: रोजच्या पाच जिनसा बदलाव्यात

जास्तीचा पैसा खर्च करायचाच, तर तो रोज आणि भरपूर खाल्ल्या जाणाऱ्या जिनसांवर करावा. परदेशी बिया, महागडी चूर्णे आणि सहा महिन्यांतून एकदा लागणाऱ्या वस्तू सेंद्रिय आणून पोटात जाणाऱ्या अन्नात फरक पडत नाही.

तेल. घाण्याचे शेंगदाणा तेल घेताना भावाचा साधा ताळा करता येतो. एक लिटर तेलासाठी सुमारे सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. समजा, शेंगदाणे १४० रुपये किलो आहेत, तर दाण्यांचेच ३१५ ते ३५० रुपये होतात. त्यातून पेंडीचे पैसे वजा होतात आणि गाळणावळ वाढते. असे असताना कोणी ‘शुद्ध लाकडी घाण्याचे’ तेल २०० रुपयांना देत असेल, तर त्यात दुसरे स्वस्त तेल मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. आपल्या गावच्या भावाने हाच हिशेब करावा. शक्य असेल तर दाणे स्वतः निवडून घाण्यावर न्यावेत आणि समोर गाळून घ्यावेत. बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे काढून टाकणे अत्यंत आवश्यक आहे, कारण शेंगदाण्यावरील बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत ते जसे निघून जाते तसे घाण्याच्या तेलातून निघत नाही. हे तेल एका वेळी दोन-तीन लिटरच आणावे आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अंधाऱ्या जागी ठेवावे. घाण्याचे तेल परवडत नसेल, तर साधे रिफाइन्ड तेल मोजून वापरणे हाही चांगला मार्ग आहे. महाग तेल सढळ हाताने ओतण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

भाकरीचे धान्य. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांवर खर्च केलेला रुपया आरोग्याला आणि जमिनीलाही उपयोगी पडतो, असे मला मनापासून वाटते. रब्बीची ज्वारी खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर येते, तर भाताला उभे पाणी आणि गव्हाला ठरावीक पाळ्या द्याव्या लागतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मालदांडी वाणाची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला तिचे वेगळे वर्णन सांगायला नको. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, एवढे दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही. आठवड्यातील चार जेवणांत पोळी-भाताऐवजी भाकरी आली, तरी महिन्याच्या धान्यात ठळक फरक पडतो. ज्वारीचे तयार पीठ शक्यतो विकत घेऊ नये. शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना मोडते, आणि मग ‘आम्हाला भाकरी जमत नाही’ असे म्हणून घर पुन्हा मैद्याच्या पावाकडे वळते. आठ-दहा दिवस पुरेल एवढेच गिरणीतून दळून आणावे. गव्हाचे पीठ चाळताना कोंडा टाकू नये.

तांदूळ आणि डाळ. हातसडीच्या तांदळातील कोंड्यात स्निग्धांश असल्याने तो लवकर खवट होतो, म्हणून तो दोन-तीन किलोच आणावा. पांढरा तांदूळ मात्र जुना चांगला. डाळ घेताना चकाकीला भुलू नये. तेलाचा किंवा पाण्याचा हात देऊन पॉलिश केलेली तूरडाळ सुरेख दिसते, पण बिनपॉलिशची मळकट, थोडी धुरकट दिसणारी डाळ शिजायला आणि चवीला कमी नसते. अख्खी मटकी, मूग, चवळी, वाल आणि कुळीथ ही कडधान्ये डाळींपेक्षा बहुधा स्वस्त पडतात आणि मोड आणून एक किलोची भाजी कितीतरी वाढते.

हळद-तिखट. प्रमाण कमी असले तरी मसाल्यांवर थोडा जास्त खर्च करणे योग्य आहे, कारण भेसळ पुडीत सोपी असते. हळदीला झगझगीत पिवळा रंग येण्यासाठी लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. वर्षाची दीड-दोन किलो हळकुंडे आणि मिरच्या उन्हाळ्यात घेऊन डंखावर कुटून आणल्या की हा प्रश्न उरत नाही. सांगलीची हळद, वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद आणि नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे. मात्र मानांकन मालाचा मुलूख सांगते. तो माल सेंद्रिय असल्याची ग्वाही त्यातून मिळत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत विक्रेतेही करतात.

गूळ. पिवळाधमक गूळ बहुधा हायड्रॉस पावडरीने उजळलेला असतो. रसायनाविना केलेला गूळ गडद तपकिरी आणि किंचित मऊ असतो. पण गूळ कितीही चांगला असला तरी शेवटी ती साखरच आहे, म्हणून वरची तीन किलोंची मर्यादा त्यालाही लागू आहे.

पायरी चौथी: बेगमीचा हंगाम पाळावा

आपल्या आज्या उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरत, त्यामागे व्यवहार होता. माल शेतातून नुकताच निघालेला असतो तेव्हा भाव उतरलेला असतो, आणि साठवणुकीची कीटकनाशके त्यावर पडण्याआधी तो आपल्या घरी येतो. शहरातील लहान घरात वर्षाची बेगमी शक्य नसली तरी तीन-चार महिन्यांची जमते. नवी तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, हळद आणि मिरची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. भात, नाचणी आणि पावसाळी भुईमूग दिवाळीच्या आगेमागे येतात आणि गुऱ्हाळे दिवाळीनंतर जोरात चालतात. यातील दोन-तीन जिनसांची खरेदी जरी हंगामाला बांधून घेतली, तरी फरक दिसतो.

साठवताना धान्य कडक ऊन दाखवून पूर्ण गार झाल्यावर कोरड्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरावे. मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा, डाळींना एरंडेलाचा हलका हात लावावा. रवा, बेसन आणि थोड्या प्रमाणातील कडधान्ये तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढली की किडीची अंडी मरतात. एका गोष्टीविषयी मात्र कडक इशारा दिला पाहिजे. धान्यात ठेवण्यासाठी मिळणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्याने बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

पायरी पाचवी: भाजी

भाजीच्या बाबतीत प्रमाणपत्रापेक्षा हंगाम अधिक काम करतो. ज्या ऋतूत जे पीक सहज येते त्यावर फवारणी तुलनेने कमी लागते, ते लांबून आणावे लागत नाही आणि स्वस्तही असते. थंडीत पालेभाज्या, मटार, गाजर, पावटा. उन्हाळ्यात दुधी, लाल भोपळा, काकडी, कैरी. आणि पावसाळ्यात, जेव्हा पालेभाज्या चिखलाने भरलेल्या आणि महाग असतात, तेव्हा मोडाची कडधान्ये आणि डोंगराकडच्या बायका आणतात त्या रानभाज्या. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली यांचा हंगाम थोडाच असतो. त्या माहितीच्या विक्रेतीकडूनच घ्याव्यात आणि कशा शिजवायच्या हेही तिलाच विचारावे, कारण शेवळांसारख्या भाज्या नीट न केल्यास घशाला खाजतात.

महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळल्यानंतर शेतकऱ्यांच्या थेट विक्रीला वाव मिळाला, आणि पुण्या-मुंबईत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. तिथे दर आठवड्याला त्याच शेतकऱ्याकडे जावे. फवारणी कोणती केली, तोडणीच्या किती दिवस आधी केली, हे ओळख झाल्यावर विचारता येते आणि खरे उत्तर मिळते. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास सालीवरील काही अवशेष अधिक निघतात, पण जी कीटकनाशके पिकाच्या आत शोषली जातात ती कोणत्याही धुण्याने जात नाहीत, त्यामुळे भाज्या धुण्याच्या महागड्या द्रावणांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

पायरी सहावी: पाकीट वाचावे

आता कुठे प्रमाणपत्राचा विषय येतो. प्रत्येक पाकिटबंद खाद्यपदार्थावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. तो केवळ विक्रेत्याची नोंद दाखवतो, मालाचा दर्जा त्यावरून कळत नाही. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘जैविक भारत’ किंवा ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे अधिकृत चिन्ह पाहावे. त्यामागे दोन पद्धती आहेत. एकीत त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करून प्रमाणपत्र देते, तर दुसरीत, जिला पीजीएस-इंडिया म्हणतात, शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतात. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ असा शब्द असेल तर ते शेत अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे, असे समजावे. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकतो तेव्हा त्याला या प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र त्याने ते चिन्हही वापरायचे नसते. म्हणजेच ओळखीच्या शेतकऱ्याकडे कागद नसणे हा दोष नाही, पण दुकानातल्या छापील पाकिटावर चिन्ह नसेल तर जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

मी स्वतः एका दुकानातून कित्येक महिने ‘विषमुक्त’ असे लिहिलेली तूरडाळ जवळजवळ दुप्पट भावाने घेत होते. एके दिवशी पाकीट नीट वाचले, तेव्हा त्यावर कोणतेही प्रमाणपत्र नव्हते आणि शेतकऱ्याचे नावगावही नव्हते. विचारल्यावर दुकानदारालाही सांगता आले नाही. त्या पैशांत घरातल्या सर्वांना रोज एक फळ खाता आले असते, याची रुखरुख मला अजून आहे. ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘शेतातून थेट’ हे शब्द ऐकायला गोड आहेत, परंतु त्यांच्यामागे तपासणी असेलच असे नाही. अशा पर्यावरणविषयक दाव्यांना पुरावा हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. फसवणूक वाटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणून ‘नाचणी बिस्कीट’ घेताना पहिला घटक मैदा, दुसरा साखर, तिसरा पामतेल आणि नाचणी शेवटून दुसरी असेल, तर ते मैद्याचेच बिस्कीट आहे. माल्टोडेक्स्ट्रिन, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेच्याच घरची नावे आहेत.

पायरी सातवी: चार घरांनी मिळून घ्यावे

एकट्या घरासाठी शेतकरी दहा किलो ज्वारी पाठवू शकत नाही, वाहतूकच परवडत नाही. दहा-बारा घरे एकत्र आली की तोच व्यवहार सुरळीत होतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे संघ करून महिन्याच्या वाणसामानाचे वाटप करत आली आहे. तेवढा मोठा पसारा सोसायटीत मांडायची गरज नाही. प्रथम एकच जिन्नस निवडावा, शक्यतो तांदूळ किंवा तूरडाळ. पाच किलो नमुना मागवून सर्वांनी शिजवून पाहावा. मग प्रत्येकाची मागणी लेखी घ्यावी, पैसे आगाऊ गोळा करावेत आणि माल उतरल्याच दिवशी शेतकऱ्याच्या खात्यात भरावेत. वाटपाची तारीख व वजनकाटा ठरलेला असावा, आणि प्रत्येकाने आपला डबा आणावा. डब्याचा धडा आधी करून घ्यावा, म्हणजे रिकाम्या डब्याचे वजन मालात धरले जात नाही. किराणा दुकानदारालाही असे डब्यात माल द्यायला सांगावे. नेहमीचा वाणी बहुधा नाही म्हणत नाही.

भावाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मधले दोन हात कमी झाल्याने वाचलेले पैसे ग्राहक आणि शेतकरी यांनी वाटून घ्यावेत. ते सर्वच्या सर्व आपल्याकडे ओढण्यासाठी घासाघीस केली, तर पुढच्या हंगामात तो शेतकरी आपल्यासाठी माल राखून ठेवणार नाही.

पायरी आठवी: सफाईचे सामान कमी करावे

बहुतेक न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघरांत आठ-दहा बाटल्या असतात. भांड्यांची साबणवडी, कपड्यांची साधी पावडर, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, रिठे आणि शौचालयासाठी एक जंतुनाशक एवढ्यांत घर स्वच्छ राहते. धुण्याचा सोडा तेलकट ओट्यासाठी आणि गाळणीच्या चिकट्यासाठी, लिंबूसत्त्वाचे पाणी नळावरील क्षारांसाठी, भिजवून उकळलेल्या रिठ्यांचे पाणी लोकरी व रेशमी कपड्यांसाठी उपयोगी पडते. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र केल्यास फेस भरपूर येतो, पण दोघांचाही गुण संपतो, म्हणून ते वेगवेगळेच वापरावेत. आणि ब्लीचमध्ये आम्लाचे शौचालय-द्रावण कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

फळांच्या सालींपासून जैव-एन्झाइम करण्याची पद्धत आता अनेक घरांत रुजली आहे. एक भाग गूळ, तीन भाग संत्री-मोसंबी-लिंबाच्या साली आणि दहा भाग पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन महिने ठेवतात. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बाटली फुटते. फरशी पुसायला ते चांगले आहे, परंतु आम्लधर्मी असल्याने संगमरवरावर वापरू नये आणि रुग्णाच्या खोलीत जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नये. कपड्यांच्या पावडरीचे प्रमाण मात्र आजच कमी करता येते. पाकिटावरील मापापेक्षा निम्म्याने सुरुवात करावी. रोजच्या वापराच्या कपड्यांना बहुधा तेवढीच पुरते.

पायरी नववी: टिकाऊ वस्तू संपल्यावरच घ्याव्यात

घरातील प्लॅस्टिकचे डबे एका दिवसात टाकून त्याजागी काचेच्या बरण्यांचा संच आणणे हा पर्यावरणाच्या नावाने केलेला अपव्यय आहे. ते डबे कोरड्या धान्यासाठी वापरत राहावे, गरम अन्न तेवढे त्यांत ठेवू नये. मोडेल ती वस्तू बदलताना स्टील, काच, माती, काथ्या यांचा विचार करावा. कापडी पिशवीही शेकडो वेळा वापरली तरच तिच्यामागचे कापूस आणि पाणी सार्थकी लागतात, म्हणून दर कार्यक्रमात वाटल्या जाणाऱ्या नव्या पिशव्या नाकाराव्यात आणि जुन्या साडीच्या दोन पिशव्या दाराशी अडकवून ठेवाव्यात. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून अनेक एकल वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे, तरी भाजीबाजारात पातळ पिशव्या दिसतातच. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो लोंबता ठेवावा. तो इवलासा तुकडा कचरावेचकांच्या हाती लागत नाही. पिशवी धुऊन वाळवून द्यावी. पुण्यात कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते, आणि तिथे काम करणाऱ्या बाईंच्या हाती आपल्या घरातील सुक्या कचऱ्याचे मोल ठरते.

मासिक पाळीसाठी कप किंवा कापडी पॅड यांचा एकदाच केलेला खर्च वर्षभरात वसूल होतो. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात, आणि कप उकळून निर्जंतुक करण्याचे पथ्य पाळावेच लागते.

विजेच्या वस्तूंत पंख्याचा हिशेब सर्वांत सरळ आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा ‘बीएलडीसी’ पंखा ३० ते ३५ वॉट. दिवसाला १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणाऱ्या पंख्यामागे ४० वॉट वाचले तर १४४ युनिट वाचतात. युनिटचा दर ८ रुपये धरला तरी सुमारे ११५० रुपये होतात. म्हणून सर्वांत जास्त चालणारा एक पंखा आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यावा. फ्रिज घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरील वर्षाच्या युनिटांचा आकडाही वाचावा, कारण मोठ्या आकाराचा पाच तारांकित फ्रिज लहान तीन तारांकित फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

सुरुवात कोणत्या महिन्यात

वही कधीही सुरू करता येते, पण पहिली खरेदी ऋतू पाहून करावी. होळीनंतर सुरुवात करणाऱ्याने ज्वारी, गहू आणि हळकुंडांपासून आरंभ करावा आणि उन्हे कडक आहेत तोवर ती वाळवून भरून टाकावीत. पावसाळ्यात सुरुवात होत असेल तर धान्याच्या बेगमीच्या नादी लागू नये, हवेत ओल असते आणि भरलेला माल टिकत नाही. त्या चार महिन्यांत तेलाची पळी, मोडाची कडधान्ये, चौथा रकाना आणि सफाईच्या बाटल्या यांच्याकडे लक्ष द्यावे. सोसायटीतील दहा-बारा घरे जमवण्याचे काम तेव्हाच करून ठेवावे, म्हणजे दिवाळीच्या सुमारास नवा भात कांडून येतो तेव्हा पहिल्या तांदळाची मागणी लिहिलेली तयार असते.